विद्युतदाबाची मर्यादा तपासताना

पावसाळ्यात आमच्या फोंड्यातील घरी विद्युतदाब वरखाली होतो, म्हणून २३० व्होल्टच्या दहा टक्के खाली आणि वर, म्हणजे २०७ व २५३, या मर्यादांवर लक्ष ठेवणारा छोटा पायथन प्रोग्राम मी चालवतो. प्रत्येक सुटा नमुना, म्हणजे एका क्षणी मोजलेला दाब, या आकड्यांशी ताडून चालत नाही, कारण २३० व्होल्टची साइन लहर प्रत्येक आवर्तनात शून्यातून जाते आणि सुमारे ३२५ व्होल्टचे शिखरही गाठते; त्यामुळे ५० हर्ट्झच्या पूर्ण आवर्तनातील, म्हणजे २० मिलिसेकंदांतील, नमुन्यांच्या वर्गांची सरासरी काढून तिचे वर्गमूळ तपासावे लागते; २३० हा आकडाही असेच वर्गमूळ असतो. दाब सीमेवरच रेंगाळला तर इशारा सारखा चालू-बंद होतो, म्हणून २५३ ओलांडताच दिलेला इशारा २५० च्या खाली आल्यावरच मागे घेणे मला योग्य वाटते. मोजणी मात्र विद्युतदृष्ट्या विलग केलेल्या सेन्सरमधूनच करावी.