तेवीस वर्षांची वाईन आणि अर्ध्यात तुटलेलं बूच

वाईन उत्तम होती, हे आधीच सांगून टाकते. कारण यापुढे मी बराच वेळ फक्त बुचाबद्दल बोलणार आहे.

नवऱ्याच्या कामामुळे आम्ही तेव्हा स्पेनमध्ये बिल्बाओला राहत होतो. मी मूळची नाशिकची, त्यामुळे मला वाईनमधलं कळतं असं तिथे सगळे धरूनच चालायचे. मला द्राक्षं कळतात, तीसुद्धा पेटीतला एक मणी तोंडात टाकून भाव करण्यापुरती. ऑगस्टमधल्या एका शनिवारी रियोहात, म्हणजे तिथल्या वाईनच्या प्रदेशात गेलो. आरो गावात रेल्वे स्टेशनला लागूनच जुन्या वाइनरींची वसाहत आहे. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने फ्रान्सच्या वेली खाल्ल्या, तेव्हा बोर्दोचे व्यापारी इकडे वळले. माल थेट गाडीत चढवता यावा म्हणून तळघरं स्टेशनजवळच झाली.

एका तळघरात आम्हाला जुनी पद्धत समजावून सांगितली. अमेरिकन ओक लाकडाची २२५ लिटरची पिंपं. साधारण दर सहा महिन्यांनी वाईन एका पिंपातून दुसऱ्यात काढायची, गाळ मागे ठेवायचा. धारेमागे मेणबत्ती धरायची आणि धार गढूळ दिसली की थांबायचं. शेवटी अंड्याचा पांढरा भाग फेटून घालायचा, तो उरलासुरला गाळ धरून तळाशी बसतो. लाल वाईनला ‘ग्रान रेसेर्वा’ म्हणवून घ्यायला निदान पाच वर्षं मुरावं लागतं, त्यातली किमान दोन पिंपात आणि दोन बाटलीत. काही जुनी घराणी तर दहा-दहा वर्षं बाटली बाहेरच काढत नाहीत.

एवढं ऐकल्यावर रिकाम्या हाताने कोण परतणार! लोग्रोन्यो शहरातल्या एका दुकानातून २००१ सालची ग्रान रेसेर्वा घेतली. रियोहाच्या नियामक मंडळाने ज्या सालांना ‘उत्कृष्ट’ ठरवलंय, त्यांतलं हे एक. किंमत लिहीत नाही, आई वाचते.

बाटली दुकानात वरच्या फळीवर, दिव्याखाली, उभी होती. तेव्हा मला तो तिचा मान वाटला. दुकानदाराला मी अजूनही मनातल्या मनात बोलते ते यासाठीच. इतकी वर्षं मुरवायची बाटली आडवी ठेवतात, बुचाला आतून वाईन लागत राहिली पाहिजे. उभी राहिली की बूच सुकतं. तसंही वीस वर्षांत त्याचा लवचिकपणा गेलेला असतो.

मुक्कामाला घेतलेल्या भाड्याच्या खोलीतल्या ड्रॉवरमध्ये बूच काढायचा साधा स्क्रू होता. बाटलीभोवतीची सोनेरी तारेची जाळी कापली (कोणी दुसरा माल भरून विकू नये म्हणून ती पूर्वी घालत, आता शोभेपुरती), वरचं आवरण काढलं आणि स्क्रू फिरवला. तो लोण्यात जावा तसा आत गेला. इथेच थांबायला हवं होतं. चांगलं बूच थोडा तरी विरोध करतं.

नवरा म्हणाला, “अगं, जोर नको लावूस, हळू घे.”

“तू बाजूला हो आधी,” मी म्हटलं आणि ओढलं. ‘टप्प’ असा आवाज यायच्या ऐवजी वाळक्या भाकरीसारखा चुरा हातात आला. अर्धं बूच स्क्रूला, अर्धं बाटलीच्या गळ्यात.

पुढची पंचेचाळीस मिनिटं काय सांगू! स्क्रू तिरका घालून पाहिला, बुचाला मधोमध भोक पडलं. सुरीच्या टोकाने कड सोडवायला गेले, तर चुरा आत. व्हिडिओ बघितले. त्यातल्या प्रत्येकाचं बूच आमच्यापेक्षा निम्म्या वयाचं होतं. नवऱ्याने “आतच ढकलून देऊ” म्हणून पाहिलं, आणि मी त्याच्यावर इतकी ओरडले की खालच्या बारचा मालक वर बघू लागला. शेवटी बाटली घेऊन मीच खाली गेले.

त्याने गळ्यात डोकावून पाहिलं, हसला नाही, हे त्याचे उपकार. काउंटरखालून दोन पातळ पात्यांचं एक हत्यार काढलं. एक पातं काच आणि बूच यांच्या फटीत, मग समोरच्या बाजूने दुसरं, डुलवत डुलवत खाली सरकवलं, आणि पिळा देत वर काढलं. बहुतेक बूच आलं, उरलेलं वाईनवर तरंगत राहिलं. “हे आधी वापरायचं असतं,” एवढंच म्हणाला. तेव्हा जुनी बाटली घेणार असाल तर ते दोन पात्यांचं हत्यार बाटलीबरोबरच घ्या, बाटलीसमोर त्याची किंमत काहीच नाही.

आता गाळायचं कशातून? स्वच्छ रुमाल घेतला, तर त्यातून आलेल्या चार थेंबांना साबणाचा वास. मग माझी चहाची गाळणी. तिला आलं-वेलचीचा वास होता, म्हणून दोनदा उकळत्या पाण्यातून काढली. तळाचे दोन-तीन घोट बाटलीतच सोडायचे असतात, तिथे काळपट गाळ असतो. तो खाली बसावा म्हणून घरी आणलेली बाटली एक दिवस आधी उभी करतात. एकच दिवस, वर्षभर नाही. हेही मला नंतर कळलं.

पहिल्या घोटाला बंद कपाटाचा कुबट वास आला आणि रडूच फुटायचं बाकी होतं. ग्लास तसाच ठेवून खाली मशरूम खायला गेलो. परत आलो तर वाईन वेगळीच झालेली. रंग विटकरी, कडेला नारिंगी झाक. वास सुक्या अंजिराचा, खारकेचा, जुन्या चामडी पट्ट्याचा, आणि मधूनच चक्क सुक्या खोबऱ्याच्या वाटीचा. हा खोबऱ्याचा वास अमेरिकन ओकची देणगी, हे मला तळघरात सांगितलं होतं तेव्हा खरं वाटलं नव्हतं. चव अपेक्षेपेक्षा हलकी, आणि घोट गिळल्यावर आमसुलासारखा आंबटपणा जिभेच्या कडांना बराच वेळ. नवऱ्याने दुसरा घोट घेतला आणि पहिल्यांदाच त्या संध्याकाळी गप्प बसला.

एक राहिलं. उन्हाळ्यात अशी वाईन वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, गरम झाली की नुसता दारूचा भपकारा येतो. आणि ती तारेची जाळी कापायला घरमालकिणीची कात्री घेऊ नका. आमच्या हातून तिची धार गेली, आणि आम्ही न सांगता तशीच ड्रॉवरमध्ये ठेवून आलो.