सिल्व्हर शॅडोच्या वहीतून

माझ्या १९७२ सालच्या रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोसाठी मी एक जाडजूड वही ठेवली आहे आणि तिच्यातली पहिली नोंद फक्त तीन शब्दांची आहे: ‘किल्ली फिरवली नाही’. गाडी माझ्याकडे आली तेव्हा ती अकरा वर्षे एका जागी उभी होती. तिच्याभोवती जमलेल्या प्रत्येकाला एकच उत्सुकता होती, की बॅटरी जोडली तर इंजिन सुरू होते का ते पाहावे. ती उत्सुकता मलाही होती, पण त्या दिवशी ती आवरली, आणि पुढच्या नऊ वर्षांत या गाडीसाठी मी जे काही केले त्यात याहून शहाणपणाचे काम क्वचितच घडले असेल.

वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने धरून बसलेल्या असू शकतात. अशा वेळी स्टार्टरने जोर लावला, तर रिंग तुटून तिचा तुकडा भिंतीवर ओरखडा काढत जातो आणि जे काम थोड्या तेलाने भागले असते त्यासाठी सगळे इंजिन उघडावे लागते. म्हणून आठही स्पार्क प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडले, ते दोन दिवस मुरू दिले आणि मग क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवले. पाव फेऱ्यापर्यंत पाना जड होता. मग काहीतरी सुटल्यासारखे झाले आणि ६७५० सीसीचे ते व्ही-आठ इंजिन लोण्यातून सुरी फिरावी तसे फिरले. तरीही ते सुरू करायला आणखी पाच आठवडे गेले, कारण टाकीतल्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर झाला होता आणि रेडिएटरमधले पाणी तपकिरी होते. या इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा असून त्यात ओतीव लोखंडाचे लायनर (ज्यांत पिस्टन फिरतात त्या नळ्या) बसवलेले असतात, ज्यांना बाहेरून थेट कूलंट लागते. नुसते पाणी घालून गाडी चालवली, तर लायनरच्या बुडाशी गाळ साचतो, तिथली सील खराब होतात आणि पाणी ऑइलमध्ये उतरू लागते. गंजरोधक कूलंट वेळेवर बदलणे एवढा एकच उपाय आहे.

या गाडीचा जीव मात्र तिच्या हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या, यंत्रणेत आहे. १९६५ साली सिल्व्हर शॅडो आली तेव्हा रोल्स-रॉइसने प्रथमच वेगळी चासी (बॉडीखालचा स्वतंत्र सांगाडा) सोडून सलग सांगाड्याची गाडी बनवली होती आणि गाडीची पातळी आपोआप राखणाऱ्या यंत्रणेसाठी सिट्रोएनचे तंत्र परवान्याने घेतले होते. इंजिनाच्या दोन रांगांमधल्या दरीत दोन छोटे पंप असतात, ज्यांना कॅमशाफ्टकडून गती मिळते. हे पंप ब्रेक ऑइल प्रचंड दाबाने दोन गोलाकार ॲक्युम्युलेटरमध्ये साठवतात. गोलाच्या एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला ऑइल आणि मध्ये रबरी पडदा असतो. ब्रेकला जोर मिळतो तो या दाबलेल्या नायट्रोजनकडून, त्यामुळे पेडलवर बोटभर जोर दिला तरी दोन टनांहून अधिक वजनाची गाडी शांतपणे थांबते.

आता यातली नाजूक बाब सांगतो. या यंत्रणेत आरआर ३६३ नावाचे ऑइल लागते. ते साध्या ब्रेक ऑइलसारखे ग्लायकॉल प्रकारचेच असते, पण त्यात पंपाच्या वंगणासाठी एरंडेलयुक्त घटक असतो. साधे ब्रेक ऑइल घातले की पंप कोरडे पडतात आणि त्यांतून टकटक ऐकू येऊ लागते. याउलट १९८० साली आलेल्या सिल्व्हर स्पिरिटमध्ये खनिज तेल लागते, आणि त्या दोन्ही द्रवांसाठी लागणारे रबर पूर्णपणे वेगळे आहे. एकाचे ऑइल दुसरीत गेले की सगळी सील फुगतात, मऊ पडतात आणि टाकीपासून चाकापर्यंतचा प्रत्येक रबरी भाग बदलावा लागतो. टाकी पाहिली, माहितीपुस्तिका पाहिली, तरी मी झाकण उघडण्यापूर्वी मोठ्याने वाचून खात्री करतो. माझ्या गाडीत आधी कोणीतरी साधे ऑइल घातले होते. टाकीच्या तळाशी कॉफीच्या गाळासारखा थर होता आणि पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक दाबल्यावर सुटत नव्हता. त्या चाकाची रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसत होती, एकही तडा नव्हता. ती काढून ब्लेडने उभी चिरली, तेव्हा आतले रबर फुगून भोक जेमतेम सुई जाईल एवढे उरले होते: ऑइल जोराने आत जात होते, परत यायला मात्र वाट नव्हती. तो चिरलेला तुकडा मी अजून खणात ठेवला आहे. कोणी मला ‘नळ्या चांगल्या दिसतात, कशाला बदलायच्या’ असे विचारले, तर मी तोच काढून दाखवतो.

ग्लायकॉल प्रकारचे ऑइल हवेतले बाष्प शोषून घेते, म्हणून ते दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे लागते, गाडी कितीही कमी चालली असली तरी. ॲक्युम्युलेटरची तब्येत पाहण्याची रीत साधी आहे. इंजिन काही मिनिटे चालवून दाब भरू द्यावा, मग ते बंद करून इग्निशन चालू ठेवावे आणि डॅशबोर्डवरचा त्या ॲक्युम्युलेटरचा इशारादिवा लागेपर्यंत ब्रेकचे पेडल किती वेळा दाबले जाते ते मोजावे. नायट्रोजन शाबूत असेल तर चाळीस-पन्नास वेळाही दिवा लागत नाही. पाच-सहा दाबांत लागला, तर गाडी रस्त्यावर न्यायचीच नाही. मी हा आकडा दर महिन्याला वहीत लिहितो. एका वेळच्या आकड्यापेक्षा आकडे कसे उतरत जातात, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. मर्सिडीझ-बेंझ ६०० या १९६३ ते १९८१ या काळात बनलेल्या गाडीत तर खिडक्यांच्या काचाही हायड्रॉलिक दाबावर आवाज न करता चालतात, त्यामुळे तिथे एक सील गळले की ऑइल थेट दाराच्या आतल्या अस्तरात उतरते.

बाहेरच्या पत्र्याबाबत मात्र मी फार हळू चालतो. जुनी गाडी तपासताना चुंबक फिरवून लांबी (पत्र्यातले खड्डे बुजवण्याची पुट्टी, जिच्यावर चुंबक चिकटत नाही) कुठे भरली आहे ते पाहण्याची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. पण सिल्व्हर शॅडोचे दरवाजे, बॉनेट आणि डिकीचे झाकण ॲल्युमिनियमचे असतात, तिथे चुंबक चिकटतच नाही. केवळ त्यामुळे ‘सगळी गाडी लांबीने भरलेली आहे’ असा निष्कर्ष काढलेला मी स्वतः ऐकला आहे. खरा धोका असतो तो खाली, चाकांच्या कमानीत, दारांखालच्या पोकळ पट्टीच्या आत, आणि जिथे पोलाद व ॲल्युमिनियम एकमेकांना टेकतात तिथे. ओलाव्यात या दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखे झडते. पाणी निघून जाण्याची भोके वर्षातून दोनदा पातळ तारेने मोकळी करणे हे कंटाळवाणे काम आहे, पण महागड्या रंगकामापेक्षा त्याने गाडी अधिक वाचते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या आलिशान गाड्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांची चासी कंपनी देई आणि वरची बॉडी हूपर, बार्करसारखे कारागीर बांधत. पत्र्याखालचा सांगाडा ॲश लाकडाचा असे. अशा गाडीचा दरवाजा लोंबू लागला, की बिजागरीऐवजी आधी लाकूड तपासावे लागते.

पूर्वी मला वाटत असे की जुनी गाडी दुरुस्त करणे म्हणजे ती कारखान्यातून आज आल्यासारखी करणे. त्या समजुतीपायी माझ्या हातून एक नुकसान झाले, ज्याची खंत मला आजही आहे. डॅशबोर्डच्या कप्प्याच्या झाकणावरचे वार्निश कडेला तडकले होते. मी ते घासून नवे करायला घेतले. आक्रोडाच्या गाठीदार लाकडाचे ते व्हेनियर, म्हणजे वर चिकटवलेला पातळ काप, मिलिमीटरभरही जाड नव्हते. एका कोपऱ्यात सँडपेपर दोन फेऱ्या जास्त फिरला आणि खालचे साधे लाकूड दिसू लागले. डॅशबोर्डवरच्या सगळ्या तुकड्यांची नक्षी एकाच ओंडक्याच्या लागोपाठच्या कापांतून जुळवलेली असते, त्यामुळे नवा तुकडा कितीही सुंदर असला तरी तो शेजारच्याशी बोलत नाही. तडकलेले वार्निश पुढची वीस वर्षे तसेच राहिले असते. मी जे घासून टाकले ते १९७२ साली एका माणसाच्या हातांनी जुळवलेले होते.

त्यानंतर मी रंगाला हात लावला नाही. मागच्या दाराच्या कडेला मूळ रंग झिजून खालचा प्रायमर दिसतो, तो तसाच ठेवला आहे. सीटचे कातडे सौम्य साबणाने पुसतो, उसवलेली शिवण त्याच भोकांतून शिवून घेतो, पण सगळ्या सीटवर नवा रंग चढवत नाही. जगभरच्या जाणकारांची नजरही याच बाजूला वळते आहे असे मला वाटते. अमेरिकेत पेबल बीच येथे १९५० पासून भरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात २०२४ साली सर्वोच्च मान १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ स्पोर्ट्सला मिळाला. ही गाडी जतनवर्गातली होती, नव्याने चकचकीत केलेली नव्हती, आणि असे त्या प्रदर्शनात प्रथमच घडले. ती बातमी वाचून मला वैयक्तिक आनंद झाला.

यंत्राला मात्र झीज दाखवत ठेवून चालत नाही, आणि त्याला उभे राहणे सर्वांत घातक असते. आठवड्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन सुरू करून बंद करण्याची सवय मी अनेकांना सोडायला सांगितली आहे. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर पुरते तापले नाहीत, तर ती वाफ आतच पाणी होऊन राहते आणि आतून गंज चढवते. त्यापेक्षा पंधरा दिवसांनी एकदाच, पण तीस-चाळीस किलोमीटर नीट चालवावी. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओलावा धरते आणि जुन्या प्रकारच्या रबराला मऊ करते, म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि कार्बुरेटरमधली रबरी अंगे मी नव्या रबराची बसवली. इथे मूळपणाचा हट्ट धरणे म्हणजे बॉनेटखाली आग लावून घेणे होय. टायरचे खाचे खोल दिसले तरी बाजूवर छापलेला चार अंकी आठवडा-वर्षाचा आकडा वाचून वय पाहतो. इंजिन ऑइलकडे तर वेळापत्रकापेक्षाही कडक लक्ष ठेवतो, कारण या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे, तेलाच्या दाबावर चालणारे भाग) आहेत आणि घाण तेलाने ते अडकतात. १९३६ ते १९३९ या काळातल्या बारा सिलिंडरच्या फँटम ३ लाही सुरुवातीला असेच टॅपेट होते, आणि तेलातल्या गाळाने त्यांनी मालकांना बराच त्रास दिला.

गेल्या रविवारी मी पेडल मोजले. एका ॲक्युम्युलेटरचा दिवा एकोणपन्नासाव्या दाबाला लागला, दुसऱ्याचा एकविसाव्या. मागच्या महिन्यात तो तिसाव्या दाबाला लागला होता, त्याच्या आधी चौतिसाव्या. नवा गोल मागवला आहे. तो येईपर्यंत गाडी उभी राहील, चाकांखाली लाकडी ठोकळे लावून, आणि वहीत त्या तारखेपुढे पुन्हा तेच तीन शब्द लिहिले आहेत.