मावशी, वाय कुठं गेला?

आज विश्रामबागला ताईकडे गेले होते. भाची चार वर्षांची, एबीसीडी म्हणायला सपशेल नकार. ताईचा आवाज चढत चाललेला. मी भडंगाची वाटी बाजूला ठेवली आणि मोबाईलवर 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमाचा १९६९ सालचा एक तुकडा लावला.

अभिनेता जेम्स अर्ल जोन्स, पुढे 'स्टार वॉर्स'मधल्या खलनायक डार्थ व्हेडरला आवाज दिला तो, नुसती एबीसीडी म्हणतो. बास. पण काय म्हणतो! अक्षर आधी दिसतं, तो रोखून बघत थांबतो, मग उच्चारतो. त्या थांबण्यात मुलं त्याच्या आधीच अक्षर सांगून टाकतात, हे तेव्हाच्या संशोधकांनीही टिपलंय.

आमची बया आधी घाबरून आईमागं लपली. 'जी'ला एक डोळा बाहेर. 'एम' मात्र त्याच्या आधी ओरडली! ताईनं माझ्याकडं असं बघितलं, की जणू मीच शिकवलं.

मग त्याच कार्यक्रमातला १९७३ चा गायक स्टीव्ही वंडर लावला, त्यावर नाचून झालं. (मीसुद्धा. दार लावून घेतलं होतं.) शेवटी तिथलीच गायिका नोरा जोन्स, आपल्या पंडित रविशंकरांची लेक. 'वाय' अक्षर भेटायला आलंच नाही म्हणून उदास होऊन गाते.

"मावशी, वाय कुठं गेला?"

गणपतीच्या देवळात गेलाय, म्हणून बसले. आता संध्याकाळी न्यायला लागणार.