थेस्सालोनिकी: आगीच्या रेषेच्या वर आणि खाली

ग्रीसला जाणारी आपली बहुतेक मंडळी अथेन्स, सँटोरिनी आणि जमलं तर मिकोनोस करून परततात. उत्तरेकडचं थेस्सालोनिकी, म्हणजे जुनं सलोनिका, त्यांच्या यादीत नसतं, आणि असलंच तर एका रात्रीपुरतं. मी आणि आई ऑक्टोबरमध्ये तिथे पाच दिवस राहिलो. माझं मत सुरुवातीलाच सांगते : या शहराला किमान चार दिवस द्या, आणि ते स्मारकांच्या यादीनुसार न बघता मोहल्ल्यांनुसार बघा.

त्यासाठी एक किल्ली आहे, १९१७ ची आग. त्या वर्षी १८ ऑगस्टला वरच्या वस्तीच्या कडेला एका निर्वासिताच्या घरातल्या चुलीची ठिणगी उडाली. वार्दारिस नावाच्या वायव्येच्या वाऱ्याने ती आग उताराने खाली, समुद्राकडे ढकलली. ३२ तास शहर जळत होतं. सत्तर हजारांहून अधिक लोक बेघर झाले. नंतर एर्नेस्ट एब्रार या फ्रेंच वास्तुरचनाकाराने जळालेल्या भागाचा नवा आराखडा केला : रुंद सरळ रस्ते, कमानींचे सज्जे आणि समुद्राकडे उघडणारा आरिस्तोतेलूस चौक. वरची वस्ती वाचली. त्यामुळे आजही चालताना तुमच्या पायांनाच कळतं की आग कुठे थांबली. रस्ता सरळ आहे तोवर तुम्ही जळालेल्या शहरात असता. तो वळायला आणि चढायला लागला की जुन्या शहरात शिरलात.

आम्ही उलटं केलं, आधी वर गेलो. एलेफ्थेरियास चौकातून २३ नंबरची लहान बस आनो पोलीला, म्हणजे ‘वरच्या गावाला’ जाते. गुडघे दुखत असतील तर हाच मार्ग धरा : बसने चढा, पायी उतरा. आई अडुसष्ट वर्षांची आहे आणि तिने संपूर्ण उतार आरामात केला. मात्र पायऱ्या आणि फरशा गुळगुळीत झालेल्या आहेत, पकड असलेले बूटच हवेत. चपला घालून जाऊ नका.

वर तटबंदी आहे आणि त्रिगोनियो नावाचा गोल बुरूज आहे. संध्याकाळी अर्धं शहर तिथे सूर्यास्त बघायला जमतं. आमच्या नशिबाने तिसऱ्या दिवशी हवा स्वच्छ होती आणि खाडीपलीकडे ऑलिंपस पर्वत दिसला. आधी ढगच वाटला, मग त्या ढगाची कड हलेना तेव्हा कळलं. त्रिगोनियोच्याही वर एप्तापिर्गियो हा किल्ला. १९८९ पर्यंत तिथे तुरुंग होता आणि कोठड्या अजून जशाच्या तशा आहेत. थोडं खाली व्लातादोन मठ. त्याच्या आवारात मोर फिरतात, आणि आईने तिथल्या बाकावर बसून तासभर तरी हलायचं नाव घेतलं नाही.

पण वरच्या गावात मला सर्वांत प्रिय झालेली जागा म्हणजे ओसिओस दाविद हे चिमुकलं चर्च. गल्लीत पाटी शोधावी लागते. आत जेमतेम वीस माणसं मावतील. वेदीच्या वरच्या अर्धघुमटात पाचव्या शतकाच्या सुमाराचं मोझेक आहे : दाढी नसलेला, तरुण ख्रिस्त इंद्रधनुष्यावर बसलेला, पायाशी नद्या आणि त्यात मासे. तुर्की काळात चर्चची मशीद झाली तेव्हा ते चुन्याच्या गिलाव्याखाली गेलं आणि १९२० च्या दशकात पुन्हा उजेडात आलं. त्या चेहऱ्यात इतकी ताजी नवलाई आहे की दीड हजार वर्षं ही संख्या खोटी वाटते. इथे सकाळीच जा, दुपारनंतर दार बंद असण्याची शक्यता जास्त. आत देखरेखीला माणूस असतो, तो दिवा लावून दाखवतो. त्याला घाई करू देऊ नका, तुम्हीही करू नका.

तिथून उतरत आलं की आगीची रेषा ओलांडून आपण आयिओस दिमित्रियोस या मोठ्या चर्चपाशी येतो. दिमित्रियोस हा शहराचा ग्रामदेव म्हणावा असा संत. हे चर्च १९१७ च्या आगीत जवळजवळ भस्म झालं आणि पुन्हा बांधून १९४९ मध्ये उघडलं. काळी पडलेली काही दगडी अंगं आणि वाचलेली मोझेकं नव्या भिंतींत सामावून घेतली आहेत. तळघरात रोमन स्नानगृहाचे अवशेष आहेत, दिमित्रियोसला तिथेच मारलं असं मानतात. खांदे-गुडघे झाकलेले कपडे घाला. हे चालतं देऊळ आहे, लोक रांगेने येऊन मेणबत्ती लावतात, आणि आईने न विचारता एक लावली.

एक सूचना : २६ ऑक्टोबर हा दिमित्रियोसचा सण आणि १९१२ मध्ये शहर ग्रीसमध्ये आलं तो दिवसही. २८ तारखेला मोठं लष्करी संचलन असतं. उत्सव बघायचा असेल तर खोली खूप आधी घ्या. शांतता हवी असेल तर आमच्यासारखं महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जा.

रोटुंडाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण घाईत लोक बाहेरून फोटो काढून जातात. रोमन सम्राट गालेरियसने चौथ्या शतकाच्या आरंभी ही गोल इमारत उभारली. पुढे ती चर्च झाली, मग मशीद, मग पुन्हा चर्च आणि संग्रहालय. शहरातला एकमेव शाबूत मिनार तिच्याच बाजूला उभा आहे. आत गेल्यावर आधी काही दिसत नाही, फक्त सहा मीटरहून जाड भिंतींचा गारवा. मग मान वर करा. घुमटाच्या कडेने सोनेरी महालांसमोर हात पसरून उभे असलेले हुतात्मे दिसतात. १९७८ च्या भूकंपात या इमारतीला तडे गेले आणि कित्येक दशकं आत परांच्याच होत्या. आता त्या नाहीत. दुर्बीण असेल तर घेऊन जा, खरंच उपयोगी पडते. बाहेर पडलं की चार पावलांवर गालेरियसची कमान, कामारा. विद्यार्थ्यांचं ‘कामाराला भेटू’ हे आपल्या ‘अलका टॉकीजला भेटू’ सारखंच.

या कमानीपलीकडे आरिस्टॉटल विद्यापीठ आहे. ते ज्या जमिनीवर उभं आहे तिथे ज्यूंची शतकानुशतकांची दफनभूमी होती. हे कळल्यावाचून या शहरातून परतू नये असं मला मनापासून वाटतं. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेले ज्यू इथे आले, त्यांनी आपली जुनी स्पॅनिश, लादिनो, इथे साडेचारशे वर्षं बोलली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते शहरातला सर्वांत मोठा गट होते आणि बंदर शनिवारी, त्यांच्या शब्बाथला, बंद असायचं. १९४२ च्या जुलैत जर्मनांनी ज्यू पुरुषांना एलेफ्थेरियास चौकात भर उन्हात उभं करून अपमानित केलं. त्याच वर्षी दफनभूमी उद्ध्वस्त केली गेली. १९४३ च्या मार्चपासून आगगाड्या आउशविट्झकडे जाऊ लागल्या. चाळीस हजारांहून अधिक माणसं नेली गेली, त्यातली जेमतेम काही परतली. आयिऊ मिना रस्त्यावरचं ज्यू संग्रहालय लहान आहे, दोन तास पुरतात. प्रवेशद्वारावर तपासणी होते, ओळखपत्र जवळ ठेवा. ज्या चौकातून आम्ही वर जाणारी बस पकडली होती तोच हा एलेफ्थेरियास, हे संग्रहालयातून बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं. परत तिथे गेलो. स्मारकापाशी आई म्हणाली, “अगं, पहिल्या दिवशी आपण इथे तिकीट काढायच्या गडबडीत होतो.”

आता खाण्याकडे वळते. युनेस्कोने २०२१ मध्ये या शहराला पाककलेचं शहर म्हणून मान दिला आणि शाकाहारी माणसालाही तो पटतो, फक्त विचारायचं कसं ते माहीत हवं. शब्द एकच लक्षात ठेवा : निस्तीसिमा. म्हणजे उपवासाचं. ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांचे वर्षात उपवासाचे पुष्कळ दिवस असतात आणि त्यात मांस, दूध, अंडी चालत नाहीत, त्यामुळे प्रत्येक खानावळीत असे पदार्थ असतातच. पण सावध राहा : त्यांच्या उपवासाला शिंपले, कोळंबी, माकूल चालतात! म्हणून पुढे “होरिस क्रेआस, होरिस थालासिना” म्हणजे मांस नको, समुद्रातलं नको, असंही सांगा. आम्ही हे वहीत ग्रीक लिपीत लिहून घेतलं होतं आणि वाढपी ते वाचून हसून मान डोलवत.

आईने काय खाल्लं? गीगांदेस, म्हणजे टोमॅटोत भाजलेला मोठ्ठा पांढरा वाल. होर्ता, उकडलेल्या रानभाज्या, वर लिंबू आणि ऑलिव्ह तेल. फावा, म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा. हे तिने दोनदा मागवलं. भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची म्हणजे गेमिस्ता, पण त्यात खिमा आहे का ते विचारा. तिखटासाठी बूकोवो मागा, ती भरडलेली लाल मिरची असते. इथल्या जेवणावर आशिया मायनरहून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, १९२२ नंतर आलेल्या निर्वासितांचा हात आहे, मसाला आणि तिखट त्यांनीच आणलं. बुयुर्दी नावाचा पदार्थ तर आपल्यासाठीच केलाय असं वाटतं : फेटा चीज, टोमॅटो आणि हिरवी मिरची मातीच्या भांड्यात भट्टीत खदखदवलेलं, पावाने पुसून खायचं. मी मासे खाते, म्हणून मी मिदोपिलाफो, शिंपल्यांचा भात खाल्ला. शिंपले जवळच्या आक्सिओस नदीच्या मुखापाशी पिकवतात.

जेवण संपल्यावर बहुतेक ठिकाणी न मागता काहीतरी गोड येतं, घरातर्फे. एका रात्री आलेल्या बशीत रव्याचा हलवा होता, तेलात भाजलेला, दालचिनी आणि बदाम घातलेला, साच्यातून काढलेला. आईने एक घास घेतला आणि म्हणाली, “हा प्रसादाचा शिराच आहे. तूप तेवढं नाही.” मालकीणबाईंना भाषा न येता कृती विचारली गेली आणि बोटांवर सांगितलीही गेली : एक वाटी तेल, दोन रवा, तीन साखर, चार पाणी. घरी येऊन करून बघितला, जमतो.

सकाळी मात्र बुगात्साच. पातळ पापुद्र्यांच्या आत गोड क्रीम किंवा चीज, काउंटरवर रुंद सुरीने खटाखट तुकडे करून, गोड असेल तर वर पिठीसाखर आणि दालचिनी. अंडं वर्ज्य असेल तर क्रीमचा घेऊ नका. उभ्या-उभ्या खायला तीळ लावलेलं कुलूरी, कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं. कॉफीचं म्हणाल तर थंड फेसाळ फ्रापे १९५७ मध्ये याच शहराच्या आंतरराष्ट्रीय जत्रेत जन्मली. एका कपावर दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही.

बाजार दोन शेजारी-शेजारी आहेत. मोदियानो हा छताचा, नव्याने दुरुस्त होऊन २०२२ मध्ये उघडलेला, देखणा पण महाग. कापानी जुना, ओला, आरडाओरड्याचा, ऑलिव्ह आणि मसाल्यांच्या ढिगांचा. खरेदी कापानीत करा. रविवारी कापानी बंद. जवळच १०२८ सालचं पानायिया हाल्केओन हे लाल विटांचं चर्च आहे, नावाचा अर्थ ‘तांबटांची माउली’, आणि आजूबाजूला तांब्याच्या भांड्यांची दुकानं अजून आहेत. पुण्याच्या तांबट आळीत वाढलेल्या आईला ठोक्यांचा आवाज आधी ऐकू आला, चर्च नंतर दिसलं. लादादिका, म्हणजे जुन्या तेलाच्या वखारींचा भाग, रात्री गजबजतो. आम्हाला तो पर्यटकांसाठी सजवलेला वाटला, जेवायला वर आनो पोलीतल्या छोट्या खानावळी बऱ्या. आठच्या आधी मात्र कुठेच जाऊ नका, रिकाम्या खुर्च्या भेटतील.

पुरातत्त्व संग्रहालयात शहराजवळच्या देर्वेनी इथे सापडलेला मोठा काशाचा कलश आणि जळक्या चितेतून वाचलेला पपायरस बघा. पांढरा मनोरा बाहेरूनही पुरतो. एक दिवस वेर्गिना या गावासाठी ठेवा. बसने आधी वेरिया, तिथून दुसरी बस. १९७७ मध्ये सापडलेली, फिलिप दुसऱ्याची, म्हणजे सिकंदराच्या वडिलांची मानली जाणारी कबर मातीच्या टेकडीखालीच जपली आहे, अंधारात, सोन्याच्या पेटीसह. परतीच्या बसची वेळ उतरतानाच विचारून घ्या. आमची एक बस चुकली आणि दोन तास थांब्यावर गेले.

रेल्वे स्टेशनच्या पश्चिमेला मोनास्टिर रस्त्यावर भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे, पहिल्या महायुद्धातली. सलोनिका आघाडीवर खेचरांचे तांडे हाकणारे भारतीय होते, हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं. प्रवासी तिथे फिरकत नाहीत. आम्ही कापानीतून घेतलेली शेवंती ठेवून आलो.

येण्याजाण्याचं : भारतातून थेट विमान नाही, इस्तंबूल किंवा अथेन्सहून या. शेंगेन व्हिसा लागतो. विमानतळावरून ०१एक्स बस थेट शहरात येते, रात्री ०१एन. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली चालकविरहित मेट्रो विमानतळापर्यंत जात नाही, पण वेनिझेलू स्टेशनवर मुद्दाम उतरा. खोदकामात सापडलेला रोमन हमरस्ता तिथेच, स्टेशनच्या आत ठेवलाय, आणि साठ सेंटच्या तिकिटात बघायला मिळतो. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. संध्याकाळी समुद्रकाठी वार्दारिस सुटू शकतो, अंगावर काहीतरी वारा अडवणारं ठेवा.

शेवटच्या सकाळी आम्ही मनोऱ्यापासून छत्र्यांच्या शिल्पापर्यंत किनाऱ्याने चालत गेलो. ऑलिंपस दिसला नाही. आईने पिशवीतून कुलूरीचा उरलेला तुकडा काढला, अर्धा मला दिला, आणि आम्ही बसच्या थांब्याकडे निघालो.