आयव्ही हिरवी झाली की भेंडी: शिकागोजवळच्या परसबागेची यंदाची नोंद

२ ऑगस्ट. आज सकाळी तिन्ही ओळींतली मिळून अर्धा किलो भेंडी निघाली. एक दिवसाआड एवढी निघतेय, म्हणजे मार्चमध्ये ठरवलेल्या प्रयोगाचा हिशोब आता मांडायला हरकत नाही.

प्रयोग शेजारच्या आजोबांच्या एका वाक्यावरून सुचला. ते जन्मभर कब्सचे, म्हणजे शिकागोच्या बेसबॉल संघाचे, चाहते. आम्ही नेपरव्हिलला राहायला आलो त्या वर्षी मी एप्रिलच्या उन्हाला भुलून भेंडी लावत होते. कुंपणापलीकडून ते म्हणाले, "रिग्लीच्या भिंतीवर पानं आली का बघ आधी." रिग्ली फील्ड म्हणजे कब्सचं १९१४ सालचं मैदान. तिथल्या आउटफिल्डच्या, म्हणजे मैदानाच्या लांबच्या टोकाच्या, विटांच्या भिंतीवर १९३७ साली बिल व्हेक यांनी लावलेली आयव्हीची वेल आहे. मोसम सुरू होतो तेव्हा एप्रिलमध्ये टीव्हीवर नुसत्या तपकिरी काड्यांचं जाळं दिसतं. मेमध्ये तांबूस कोंब फुटतात आणि महिना सरता सरता विटा झाकून जातात.

मी सातारा जिल्ह्यातली. आमच्याकडे रोहिणी सरली, मृग लागला की पेरणीची घाई. इथे नक्षत्रं उपयोगाची नाहीत, त्यामुळे वेलीवरून पेरणीचा दिवस ठरवायचा ही कल्पना मला लगेच पटली. यंदा मात्र मोजून बघायचं ठरवलं. तीन ओळी, प्रत्येकी १२ बिया, तिन्ही वेळा रात्रभर भिजवून. सकाळी ८ वाजता बोटभर खोलीवरच्या मातीचं तापमान घेतलं.

पहिली ओळ २६ एप्रिलला, वेल उघडी असताना. माती ११ अंश सेल्सियस. १२ पैकी ३ उगवल्या, त्याही १९ दिवसांनी. उरलेल्या उकरून पाहिल्या तर बोटात घेताच पिचत होत्या, आत नुसता करडा लगदा. दुसरी ओळ १० मेला, कोंब तांबूस असताना. माती १५ अंश. ७ उगवल्या, १२ दिवसांनी. तिसरी २४ मेला, भिंत हिरवी झाल्यावर. माती १९ अंश. सहाव्या दिवशी ११ रोपं वर.

पहिली भेंडी कुठल्या ओळीत लागली? पहिलीत १२ जुलैला, तिसरीत १५ जुलैला. चार आठवडे आधी पेरून हाती आले तीन दिवस! शिवाय पहिल्या ओळीतली रोपं अजून गुडघ्याएवढीच आहेत, तिसरीतली कमरेला लागतात. माझ्यापुरता प्रश्न सुटला.

दोन गोष्टी मात्र जपायला हव्यात. रिग्ली मिशिगन सरोवरापासून जेमतेम दीड किलोमीटरवर, आणि आम्ही साधारण ४५ किलोमीटर आत पश्चिमेला. सरोवराकाठी वसंतातल्या रात्री आमच्याइतक्या गार होत नाहीत. आमच्याकडे मेच्या मध्यापर्यंत दव गोठण्याची भीती असते, म्हणून कोंबांवर विसंबू नका, पूर्ण पानांची वाट बघा.

दुसरी गोष्ट वाफसा, म्हणजे मातीत पेरणीजोगी ओल. इथली माती चिकण, आपल्या काळ्या रानासारखी धरून ठेवणारी. मूठभर माती दाबायची आणि गोळ्याला अंगठ्याने टोचायचं. गोळा भुसभुशीत फुटला तर वाफसा आला, नुसता खड्डा पडला तर फावडं परत खोपटात. भिंत हिरवी झाली तेव्हा आधीच्या पावसाने रान ओलंच होतं, म्हणून मी चार दिवस थांबले आणि मगच तिसरी ओळ पेरली. वडील हेच करायचे आणि अजूनही फोनवर पहिला प्रश्न वाफशाचाच असतो.

मातीच्या तापमानाचं महत्त्व मला खरं कळलं ते २०२४ साली. सतरा वर्षं जमिनीखाली राहिलेले सिकाडा नावाचे कीटक त्या मे-जूनमध्ये आमच्या भागात वर आले. आठ इंच खोलीवरची माती साधारण १८ अंशांवर गेली की ते निघतात. संध्याकाळी ओकच्या बुंध्याशी बसून आम्ही त्यांना कात टाकताना पाहिलं, अंग पांढरंशुभ्र आणि डोळे लालभडक. पुढची खेप २०४१ मध्ये.

जूनपासून माझं लक्ष वाऱ्यावर असतं. रेडिओवर पॅट ह्यूज १९९६ पासून कब्सच्या मॅचचं वर्णन करतात, आणि मॅच सुरू होताना वारा आत की बाहेर हे कानावर पडतंच. आत म्हणजे सरोवरावरून, ईशान्येचा, गार. उंच उडालेला चेंडू तो मागे ढकलतो. बाहेर म्हणजे नैऋत्येचा, गरम आणि दमट. तेव्हा होम रनांचा, म्हणजे थेट भिंतीपलीकडे जाणाऱ्या फटक्यांचा, पाऊस पडतो. १७ मे १९७९ ला असाच वारा बाहेर होता आणि फिलाडेल्फियाने कब्सना २३-२२ असं हरवलं. हाच नैऋत्येचा वारा भेंडी-गवारीलाही मानवतो. यंदा असे पाच दिवस सलग मिळाले तेव्हा तिसरी ओळ रोज दोन बोटं वाढत होती.

टोमॅटोला मात्र तो सोसत नाही. दिवसा ३२ च्या वर आणि रात्री २४ च्या वर राहिलं की फुलं फळ न धरता गळतात. जुलैच्या मध्यात तसंच झालं. त्या दिवसांत खत देऊ नका, झाड फक्त पाल्यावर जातं. मुळाशी वाळक्या गवताचं आच्छादन आणि एकसारखं पाणी एवढंच करा. एक दिवस कोरडं, एक दिवस तुडुंब असं झालं की फळाचा बूड काळा पडतो.

जपानी भुंगेरे जूनअखेरीस आले. सकाळी सातच्या आत ते गारठलेले असतात. पानाखाली साबणाच्या पाण्याचं भांडं धरून फांदी हलवली की आपोआप पडतात. सशांसाठी दोन फूट उंच जाळी पुरली.

१९ जुलैला गारपीट झाली. वादळं इथे बहुतेक पश्चिमेकडून येतात, म्हणून आमच्याकडे आधी आणि रिग्लीवर नंतर. आमच्या अंगणात गारा वाजत होत्या आणि रेडिओवरच्या मॅचमध्ये तेव्हा ऊन होतं. पाऊण तासाने तिथे ताडपत्री ओढली गेली. आमची टोमॅटोची दोन झाडं मोडली. गुच्छच्या गुच्छ चिखलात पडलेले बघून डोळ्यांत पाणी आलं.

दीड किलो हिरवे टोमॅटो धुऊन घेतले. अर्ध्यांची लगेच चटणी केली: मोठ्या फोडी, लोखंडी तव्यावर तेल, जिरं, सहा हिरव्या मिरच्या, लसणाच्या आठ-दहा पाकळ्या. फोडींना डाग पडेपर्यंत हलवायचं नाही. मग भाजलेले शेंगदाणे, चमचाभर तीळ, लिंबाएवढा गूळ आणि मीठ घालून खलबत्त्यात जाडसर. मिक्सरमध्ये ती पातळ होते आणि टोमॅटोचा आंबटपणाच तेवढा पुढे येतो. डेव्हॉन अव्हेन्यूवरून, म्हणजे शिकागोतल्या भारतीय दुकानांच्या रस्त्यावरून, आणलेलं ज्वारीचं पीठ जुनं असतं, भाकरीला विरी येत नाही, पीठ धरून राहत नाही. म्हणून उकळत्या पाण्यात उकड काढून मळते. आजोबांना वाटीभर दिली. ते बेसबॉल बघताना शेंगा फोडून खातात, त्यामुळे दाण्याची चव त्यांनी बरोबर ओळखली.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला वेलीचा नियम दाखवला. चेंडू पानांत अडकला तर आउटफिल्डर दोन्ही हात वर करतो आणि बॅटरला दोन बेस, म्हणजे धावेचे दोन टप्पे, मिळतात. त्याने हात घालून चेंडू शोधायला घेतला तर खेळ चालूच राहतो. "म्हणून पानं दाट हवीत," आजोबा म्हणाले.

पुढचं काम: तिसऱ्या ओळीतल्या दोन दणकट रोपांना लाल दोरा बांधलाय, त्यांच्या शेंगा बियाण्यासाठी झाडावरच वाळू द्यायच्या. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पहिली ओळ उपटून तिथे मेथी. उद्या दुपारी १:२० ची मॅच आहे, त्याआधी गवार तोडायची. शिरा निवडायला आजोबा येणार आहेत.