पेन्सिल ‘शी’, आजोबा ‘दे’

दुसरीच्या वर्गाची इंग्रजी सर्वनामांची दहा वाक्यांची चाचणी होती. चित्राखाली नाम, पुढे रिकामी जागा. तिथे ‘ही’, ‘शी’, ‘इट’ किंवा ‘दे’ लिहायचं. एक कागद तपासायला अर्धं मिनिटही लागत नाही, आणि घात तिथेच होतो. एका मुलीला दहापैकी चार मिळाले. आकडा टाकून पुढचा कागद ओढणार, तेवढ्यात दिसलं की शेवटच्या वाक्यात तिने छापील ‘इज’ खोडून वर ‘आर’ लिहिलंय. अंदाजपंचे ठोकणारं मूल छापील शब्दाला हात लावत नाही.

उत्तरं पुन्हा वाचली. मुलगा ‘ही’, मुलगी ‘शी’, झाड ‘इट’, पुस्तक ‘इट’, हे चार बरोबर. चुकलेले सहा असे: पेन्सिल ‘शी’, खुर्ची ‘शी’, सूर्य ‘ही’, चेंडू ‘ही’, बाळ ‘इट’, आजोबा ‘दे’. आता हीच यादी मराठीत म्हणून पाहा. ती पेन्सिल, ती खुर्ची, तो सूर्य, तो चेंडू, ते बाळ, ते आजोबा. दहाच्या दहा बरोबर! झाड आणि पुस्तक याच वाटेने आले होते, फक्त इंग्रजीशी योगायोगाने जुळले. म्हणजे त्यांचे दोन गुणही फुकटचेच.

तिने हा नियम आणला कुठून? भिंतीवरच्या तक्त्यावरून. ‘तो’ म्हणजे ‘ही’, ‘ती’ म्हणजे ‘शी’, ‘ते’ म्हणजे ‘इट’ किंवा ‘दे’. अक्षर माझंच. तक्ता चुकीचा, आणि तो पाळणाऱ्या मुलीला चार गुण. शिवाय त्या एका ‘ते’चे दोन अर्थ तिने स्वतःहून वेगळे काढले होते. बाळ ‘रडतंय’, म्हणून ‘इट’. आजोबा ‘बसलेत’, म्हणून ‘दे’, आणि ‘दे’ आलं की ‘आर’ हवंच. क्रियापदावरून सर्वनाम ओळखणं दुसरीत कोणी शिकवत नाही.

बाळाचा गुण तर मी नाहक कापला. उत्तरसूचीत ‘शी’ होतं, का तर चित्रातल्या बाळाला फ्रॉक आहे. मुलगा की मुलगी हे ठाऊक नसेल तेव्हा इंग्रजीत बाळाला ‘इट’ म्हणतात. उत्तरसूच्या लिहिणारे एवढा विचार करत नाहीत आणि तपासणारे सूचीपलीकडे पाहत नाहीत.

तक्ता उतरवला. त्याऐवजी चोवीस चित्रकार्डं आणि तीन डबे. प्रश्न दोनच, पण त्यांचा क्रम बदलायचा नाही. पहिला: हे माणूस आहे का? नसेल तर थेट ‘इट’च्या डब्यात, पुढे विचारायचं नाही. असेल तरच दुसरा: पुरुष की बाई, मुलगा की मुलगी? बहुतेक जण पहिला प्रश्न ‘सजीव की निर्जीव’ असा विचारतात. मग झाड अडतं, मुंगी अडते, आणि मूल पुन्हा ‘ती मुंगी’ म्हणत ‘शी’कडे वळतं. पाळीव प्राणी आणि बाहुली पहिले चार दिवस बाहेरच ठेवायची. नाव ठेवलेल्या कुत्र्याला इंग्रजीतही ‘ही’ किंवा ‘शी’ चालतं, पण ही सूट नियम मुरल्यावर.

कार्डं आधी मराठीच्या ‘तो, ती, ते’ डब्यांत लावून घ्यायची, मग तीच उचलून इंग्रजी डब्यांत. पेन्सिल एका डब्यातून दुसऱ्यात जाताना मुलांनी हाताने नेली पाहिजे. हे मधलं पाऊल वेळ खातं म्हणून गाळलं, तर आठवड्याने खुर्ची परत ‘शी’ होते.

आवाजांचा घोळ वेगळाच. मराठीतली ‘ही’ बाईमाणसाकडे बोट दाखवते, म्हणून ‘ही माझी बहीण’च्या चालीवर ‘ही इज माय सिस्टर’ येतं. ‘शी’ म्हटलं की वर्ग खिदळतो, ‘दे’ म्हटलं की कुणीतरी हात पुढे करतं. हसून घेऊ द्यावं. ‘हिज’ आणि ‘हर’ मात्र फारसे चुकत नाहीत, कारण ‘तिचा भाऊ’, ‘तिची वही’ यांत शेपूट बदललं तरी ‘ति’ जागेवर राहतो. गोंधळ होतो ‘हिज’ आणि ‘इट्स’मध्ये, तिथे मराठीत दोन्हीकडे ‘त्याचा’च.

सुमारे 1000 वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही मराठीसारखी तीन लिंगं होती. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी. पुढे ती व्यवस्था गळून पडली. हे मुलांना सांगायचं नसतं, पण शिक्षकाला ठाऊक असलं की ‘एवढं साधं कळत नाही का’ हे वाक्य तोंडातून निघत नाही.

पंधरा दिवसांनी त्याच मुलीला तोच कागद दिला. पेन्सिल ‘इट’, खुर्ची ‘इट’, सूर्य ‘इट’, चेंडू ‘इट’. बाळ ‘इट’च होतं, या वेळी गुण दिला. आजोबांपुढे ‘दे’ तसंच, ‘इज’ खोडलेला, ‘आर’ लिहिलेलं. म्हटलं, ‘‘अगं, आजोबा एकटेच आहेत ना?’’

‘‘हो बाई. पण त्यांना ‘ही’ म्हटलं तर अरे-तुरे होईल.’’

इंग्रजीत मान सर्वनामात ठेवत नाहीत, हे तिला दोनदा समजावलं. तिने ऐकून घेतलं, मान हलवली आणि खोडरबर दप्तरात टाकलं. सहकारी म्हणतात, गुण कापा, नाहीतर सवय लागेल. चूक आहे, कापायलाच हवा. कागद अजून टेबलावर आहे, त्या वाक्यापुढची चौकट रिकामी.