उत्तरायण आटोपलं की गुलमर्ग

बडोद्याच्या माणसाला १४ आणि १५ जानेवारीला गावाबाहेर काढणं अशक्य. उत्तरायण आणि वासी उत्तरायण गच्चीवर, मांजा आणि उंधियू यांच्यासोबतच जायचे. दुसरीकडे फेब्रुवारी अर्धा सरला की बोर्डाच्या परीक्षा डोक्यावर येतात, आणि आमच्या गटात दर एक-दोन वर्षांनी कुणा ना कुणाचं दहावी-बारावीचं पोर असतंच. आमची स्कीइंगची सहल या दोहोंच्या मधल्या फटीत बसवावी लागते.

सुदैवाने बर्फाचं वेळापत्रकही तिथेच जुळतं. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलां, म्हणजे सगळ्यात कडक थंडी. पण थंडी आहे म्हणून बर्फ असेलच असं नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग जवळपास कोरडं होतं, उतारांवर पिवळं गवत दिसत होतं, आणि महिना संपता संपता कुठे बर्फ आला. म्हणून जानेवारीच्या स्वस्त पॅकेजच्या जाहिराती कुणी ग्रुपवर टाकल्या तर मी उत्तरच देत नाही. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा, बस.

आतेभाऊ दरवर्षी उत्तराखंडातल्या औलीचा विषय काढतो. तिथे गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे स्कीइंगचे कोर्स चालतात, ज्याला मन लावून शिकायचंय त्याच्यासाठी ते उत्तमच. पण हरिद्वारपासून पुढे अख्खा दिवस घाटात जातो. त्यात २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचली आणि जोशीमठ-औली रोपवे बंद झाला. आत्याला घेऊन हे सगळं करायचं म्हणजे नको. "माझ्यामुळे तुमचं अडायला नको हो," ती म्हणते. पण अडतं, आणि अडावंच, असं माझं मत आहे. स्की करणारे काय, कुठेही रमतात. सहल टिकते की मोडते ते स्की न करणाऱ्यांवर ठरतं. पहिल्या दोन दिवसांत त्यांना कंटाळा आला की पुढच्या वर्षी निम्मी घरं गळतात. त्यामुळे हॉटेल निवडताना मी उताराची उंची बघत नाही. खोलीत रात्रभर गरम राहतं का, खिडकीतून मुलं स्की करताना दिसतात का आणि गोंडोलापर्यंत, म्हणजे वर नेणाऱ्या केबल कारपर्यंत, चालत जाता येतं का, एवढंच विचारतो.

पैशांबाबत एकच नियम: भाऊबीजेपर्यंत ज्याचा ॲडव्हान्स आला तो येणार. व्हॉट्सॲपवर उमटवलेला अंगठा म्हणजे होकार नव्हे. बडोद्याहून श्रीनगरला थेट विमान नाही, दिल्लीला किंवा मुंबईला बदलावं लागतं. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्यावीत, नाहीतर पहिलं उशिरा पोचलं की दुसऱ्याचे पैसे बुडाले. परतीच्या आदल्या रात्री मुक्काम श्रीनगरात ठेवतो, कारण बर्फ पडायला लागला की टंगमर्ग ते गुलमर्ग हा शेवटचा तेरा किलोमीटरचा चढ साध्या टॅक्सीने होत नाही. चाकांना साखळ्या तरी लागतात नाहीतर फोर बाय फोर गाडी. आणि बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मिरात चालत नाही. प्रत्येक कुटुंबात किमान एक पोस्टपेड असावं. हे सांगूनही दरवर्षी कुणीतरी बनिहालच्या बोगद्यावरून विमान उडत असताना मला विचारतंच, "नेटवर्क येईल ना?"

खरी परीक्षा भाड्याच्या दुकानात. जाड मोजे घालायचे म्हणून एक नंबर मोठा बूट मागायचा, ही आपल्याकडची सवय. स्कीचा बूट घट्टच हवा, आत एकच पातळ, लांब मोजा. ताठ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवले की किंचित मागे सरकावीत. टाच उचलली गेली तर बूट बदलून घ्या, दुकानदार कितीही "चलेगा" म्हणाला तरी. त्यानंतर बाइंडिंग, म्हणजे बूट पट्टीला, म्हणजे स्कीला, धरून ठेवणारी चाप. ती वजन, उंची, वय, कसब आणि बुटाच्या तळाची लांबी पाहून लावतात. सैल राहिली तर पट्टी विनाकारण निसटते. फार घट्ट बसली तर पडल्यावर सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो. दुकानदाराने वजन विचारलं तेव्हा वहिनींनी हळू आवाजात जो आकडा सांगितला, तो ऐकून दादा खोकला. "वहिनी, इथे खरं सांगा, गुडघ्याचा प्रश्न आहे." मग त्यांनी दादाला दुकानाबाहेर पाठवलं आणि खरा आकडा सांगितला.

शिकायला सुरुवात सपाटीजवळच्या बाळउतारावर होते. पट्ट्यांची टोकं जवळ आणि शेपट्या एकमेकींपासून दूर ठेवून वेग कमी करायचा, पडायचं तर कुशीवर पडायचं, आणि उठताना पट्ट्या उताराला आडव्या करून घ्यायच्या. इन्स्ट्रक्टर दिवसभर एकच ओरडतो, "आगे झुको!" घाबरलेला माणूस मागे रेलतो, त्याने वजन टाचांवर जातं, पुढची टोकं हलकी होतात आणि पट्टी वळेनाशी होते. भीतीमुळेच वेग वाढतो. मुलं हे अर्ध्या सकाळीत शिकतात. आम्हा चाळिशीपुढच्यांना दरवर्षी पहिल्या दिवशी ते नव्याने शिकावं लागतं.

गोंडोलाचं तिकीट ऑनलाइनच, आणि ते आधीच काढलेलं बरं. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे, म्हणजे बडोद्याच्या माणसाला पहिल्या दिवशी जिना चढतानाही धाप लागते. दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत नेतो. तिथून खाली उतरायची आमच्यातल्या दोघांना भारी हौस. तिथे हिमस्खलन होतं आणि त्यात माणसं दगावली आहेत, म्हणून गाइड नसेल तर जायचं नाही आणि स्की पेट्रोलने, म्हणजे उतारांवरच्या गस्तीपथकाने, उतार बंद केला तर वाद घालायचा नाही, असं आम्ही ठरवून टाकलंय. विम्याचे कागदही घरीच वाचून घ्या. साध्या प्रवास विम्यात स्कीइंग धरलेलं नसतं, त्यासाठी वेगळा पर्याय निवडावा लागतो.

आत्या पहिल्या टप्प्यापर्यंत, कोंगडूरीपर्यंत येते. गॉगल लावून, कहवा घेत, लीलो चेवड्याचा डबा मांडीवर ठेवून ती वरून उतरणाऱ्या प्रत्येकाला गुण देते. शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी लोकांनाही. संध्याकाळी तिच्या गुणांवर जेवणाच्या टेबलाशी भांडणं होतात, आणि गेल्या वर्षी दादाला काठावर पास केल्यापासून तो तिच्याशी या विषयावर बोलत नाही.

यंदा भाऊबीजेच्या आधीच तिचा ॲडव्हान्स आलाय. सोबत अट: खोली तळमजल्यावर हवी आणि खिडकी उताराकडेच.